इयत्ता पहिलीतली फरार आरोपी

"आई, मी फरार आहे."

असं म्हणत प्रांजल दारात उभी राहिली तेव्हा माझ्या हातात भाकरीचा गोळा होता. मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पोलीस भरतीच्या यादीत नाव लागल्यापासून तिला असलेच विनोद सुचायचे. 'आई, हात वर कर', 'आई, शेंगदाण्याचे लाडू कुठं दडवलेस ते मुकाट्यानं सांग'. पण ह्या वेळी तिचा चेहरा पार उतरलेला होता.

"काय बरळतेस गं उन्हाची?"

"खरं सांगते. मुख्यालयात चारित्र्य पडताळणी होती ना, तिथल्या साहेबांनी दाखवलं. माझ्यावर गुन्हा दाखल आहे. प्रांजल बाळशीराम वायाळ, राहणार हेच गाव. पुरुष. वय अंदाजे पस्तीस. फरार."

"पुरुष?"

"पुरुष."

"पस्तीस?"

"अंदाजे."

गोळा परातीत तसाच पडला. माझी एकुलती एक पोर, एकोणीस वर्षांची, रोज पहाटे उठून कॅनॉलच्या कडेनं धावून धावून हाडाची काडं केलेली. गोळाफेकीत कमी पडू नये म्हणून पाट्याचा वरवंटा फेकून फेकून अंगणाला खड्डे पाडले होते तिनं. आणि आता हे काय भलतंच!

"कसला गुन्हा?" गोठ्यातून आलेले आमचे हे हात पुसत दारातच थांबले.

"बैलगाडा शर्यत, पप्पा. बंदी असताना भरवली म्हणून. आपल्याच यात्रेतली. मी पहिलीत होते तेव्हाची."

हे मटकन उंबऱ्यावर बसले.

आता घाटाचं सांगायला पाहिजे, नाहीतर कुणाला कळायचं नाही. आमच्या जुन्नर-खेडच्या पट्ट्यात मुक्तादेवीच्या यात्रेला बैलगाडे पळतात. घाट म्हणजे चढाची लांब धाव. गाड्याला चार बैल, पुढं एक घोडी, आणि गाड्यावर माणूस नाहीच. खालून गाडा सोडला की बैल आपापले वर पळत सुटतात, वर घड्याळवाले सेकंद मोजतात. गाडा कुणाचा ते कळतं कर्ण्यावरून. पुकारणारा नाव घेतो, 'झाली झाली, भिर्रर्र' अशी आरोळी देतो आणि गाडा सुटतो. आता बाप्ये स्वतःचं नाव थोडंच देतात! हौस असते. पोराच्या नावानं, पुतण्याच्या नावानं गाडा पळवायचा. 'चिरंजीव अमुक तमुक यांचा गाडा.' ते चिरंजीव कधीकधी पाळण्यात असतात.

त्या साली बंदी होती, तरी गावानं घाट भरवला. चिंचेखाली एक साध्या कपड्यातला पोलीस भेळ खात बसला होता आणि कर्ण्यावरची नावं लिहून घेत होता. मग शिट्ट्या झाल्या, पोलिसांच्या गाड्या आल्या आणि सगळा गाव उसात घुसला. रिकाम्या गाड्यावरनं पोलीस तरी कुणाला धरणार? त्यांच्याकडं होती ती नुसती नावं. गावातले निम्मे बाप्ये पुढं कैक वर्षं तालुक्याच्या कोर्टात तारखा करत होते.

आमचे हे सोडून! ह्यांचं नाव त्यात नव्हतंच. अहो, काय तो तोरा! पारावर बसायचे आणि सांगायचे, "सगळी गावली, पण बाळशीराम वायाळ गावला नाय. डोकं लागतं त्याला." लोक तारखेला निघाले की हे मुद्दाम रस्त्यात उभं राहून विचारायचे, "काय मंडळी, कोर्टात का? या जाऊन, मी आहेच गावात."

"पप्पा," प्रांजल म्हणाली, "गाडा कुणाच्या नावानं सोडला होता?"

ह्यांनी मान वर केली नाही. मला सगळं लख्ख कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

"पोरीच्या नावानं? सहा वर्षांच्या पोरीच्या? आणि इतकी वर्षं पारावर मिशीला पीळ देत होतात? तुम्ही गावला नाहीत, कारण तुमच्याऐवजी पोर गावली! मेले ते बैल आणि मेली ती हौस!"

"अगं वैजू, मला काय ठाऊक! पोलीस कधी आलेच नाहीत आपल्याकडं."

"आलता की एक," पडवीतल्या खाटेवरून आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे सासरे. तोपर्यंत ते झोपलेत असं वाटत होतं.

आम्ही तिघंही वळलो.

"यात्रेनंतर आठ-पंधरा दिसांनी आलता. तुमी शेतात व्हता. म्हणला, प्रांजल वायाळ कुठंय? म्या म्हणलं, ममईला गेलाय. कवा येणार? म्हणलं, काय पत्ता न्हाई. गेला बिचारा लिहून घेऊन."

"आबा!" प्रांजल किंचाळलीच. "मी कुठं होते तेव्हा?"

"माज्या मांडीवर. पेरू खात व्हतीस."

"मग असं का सांगितलंत?"

"आता पोलिसानं कुणाचं बी नाव इचारलं, की काय सांगायचं असतंय? ममईला गेलाय. आमचा बाप बी हेच सांगायचा."

मी कपाळावर हात मारला तो पिठाचाच. प्रांजलनं माझं ते पांढरं कपाळ पाहिलं आणि तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. म्हणाली, "आई, गुरुवारी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत कोर्टाचा कागद नेऊन दिला नाही, तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार."

गुरुवार म्हणजे यात्रेचा दिवस. आणि यात्रा कुठली, तर बंदी उठल्यावर आमच्या घाटातली पहिलीच! घाटाचं काम रखडलं म्हणून सगळ्यांच्या मागून आमचा नंबर लागला होता. गाव महिनाभर झोपलं नव्हतं. आमच्या ह्यांनी बैलांना अंडी, दूध, खारीक काय काय चारलं होतं, मला कधी एक बदाम विचारला नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही लांडे वकिलांकडं गेलो. तालुक्यातलं ह्यांच्या ओळखीचं माणूस, स्वतः घाटाचं शौकीन. त्यांनी कोर्टातनं माहिती काढली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवलं.

"वहिनी, बाकीच्यांच्या केसेस सरकारनं मागं घेतल्या, त्या निकाली निघाल्या. पण जे फरार, त्यांचं प्रकरण वेगळं काढून ठेवलं. तुमच्याकडचं एकच. त्याचं वॉरंट अजून जिवंत आहे."

"मग सांगा ना कोर्टाला, की हा कुणी पस्तीस वर्षांचा बाप्या आहे, आमची पोर नव्हे."

"सांगू की. मग कोर्ट म्हणेल, बरं, आणा त्या बाप्याला. नाव तेच, बापाचं नाव तेच, पत्ता तोच. वॉरंट राहील आणि पडताळणी तिथंच अडकेल." वकिलांनी चष्मा काढला. "आपल्याला उलटं करायचंय. म्हणायचं, ही प्रांजल म्हणजे मीच. तेव्हा मी सहा वर्षांची होते. सात वर्षांच्या आतल्या लेकरानं काहीही केलं तरी कायद्यानं तो गुन्हा होत नाही. एकदा हे मान्य झालं की केस मुळासकट उपटली. मागं घेतली असं नव्हे, मुळात नव्हतीच!"

"मग अडचण काय?"

"अडचण अशी, की तो गुन्हेगार म्हणजे हीच, हे आधी सिद्ध करायचं. आणि कागदावर तर पुरुष लिहिलंय."

"म्हणजे माझ्या पोरीला आधी मीच आरोपी ठरवू? आणि मग सोडवू?"

"अगदी बरोब्बर!" वकील खुश होऊन म्हणाले. "आणि साक्षीदार एकच. ज्यानं नाव पुकारलं तो."

कोंडीभाऊ! आमच्या भागातला घाटाचा पुकारणारा. वय झालं, दात गेले, पण गळा अजून तसाच. नदीपलीकडं माझं माहेर आहे. कोंडीभाऊ इकडच्या घाटात खोकला तरी तिकडं ऐकू जातो म्हणतात. पण गुरुवारी तर त्याला सकाळपासून घाटात पुकारायचं होतं. आणि वकिलांना तारीख मिळाली ती नेमकी गुरुवारचीच. यात्रा कमिटीचा अध्यक्ष तर ऐकूनच उसळला, "पुकारणारा कोर्टात आणि घाटात मी काय रेडिओ लावू?"

कोंडीभाऊनं मात्र तंबाखू मळता मळता सांगून टाकलं, "पोरीचं नाव ह्या तोंडानं घेतलंय. सोडवाया दुसऱ्याचं तोंड कुठनं आणू? गाडे थांबव म्हणावं."

आणि खरंच थांबले! बाहेरगावचे शेकडो गाडामालक, ट्रकातनं उतरवलेले बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, सगळे घाटाखाली ताटकळत. अध्यक्षानं कर्ण्यावर सांगितलं, "निवेदक सरकारी कामासाठी गेलेले आहेत." मांडवाच्या सावलीत बसलेली बडी माणसं चिडली, पण कोंडीभाऊशिवाय गाडा सोडायला कुणाचंच मन घेईना.

कोर्टात आम्ही पाच जण, चौघं एका बाकावर. ह्यांनी लग्नातला कोट घातला होता, तो पोटावर बसत नव्हता. आबा काठी धरून. कोंडीभाऊच्या डोक्याला गुलाबी फेटा, घाटातूनच आलेला. प्रांजल तेवढी ताठ, हात मागं बांधून उभी, परेडला असल्यासारखी.

नाव पुकारलं गेलं. मॅजिस्ट्रेट बाई तरुणच होत्या, काळ्या कोटात, चष्मा नाकावर. त्यांनी फाईल पाहिली, प्रांजलला पाहिलं, पुन्हा फाईल पाहिली.

"आरोपी?"

"मी, मॅडम."

"तुम्ही फरार होता?"

"हो, मॅडम. म्हणजे शाळेत होते. मग कॉलेजला."

"फरार असताना शिक्षण किती झालं?"

"बारावी फर्स्ट क्लास, मॅडम. आता बी. कॉम. चालू आहे."

मागं कुणीतरी हसलं. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, फिर्यादीत स्पष्ट पुरुष लिहिलंय, वय पस्तीस. ही मुलगी खऱ्या आरोपीला वाचवण्यासाठी कशावरून पुढं आली नसेल? लांडे वकिलांनी जन्माचा दाखला दिला. सरकारी वकील म्हणाले, दाखल्यावरून ही सहा वर्षांची होती एवढंच कळतं, कर्ण्यावरचं नाव हिचंच होतं हे कुठं कळतं?

मग आबांना बोलावलं. आबांनी पोलिसाचं सगळं सांगितलं, पेरूसकट.

"पण तुम्ही मुंबई का सांगितलीत?" बाईंनी विचारलं.

"बाईसायब, दुसरं गाव तोंडात येतच न्हाई."

ह्या वेळी कोर्टातला शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाव पुकारणारे कोण?"

कोंडीभाऊ फेटा सावरत उभा राहिला. "मी, बाईसाहेब."

"इतक्या वर्षांपूर्वीचं नेमकं आठवतं तुम्हाला?"

"बायको कधी माहेरी गेली ते आठवत नाही. पण पुकारलेला गाडा विसरलो तर जीभ झडंल."

"काय पुकारलं होतंत?"

"सांगू का पुकारू?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "पुकारलं होतं तसंच सांगा."

झालं! कोंडीभाऊनं इकडंतिकडं पाहिलं. हातात माईक नाही म्हणून त्याला चुकल्यासारखं झालं असावं. त्यानं आबांची काठी घेतली, मूठ तोंडाशी धरली, डावा हात कानावर ठेवला आणि डोळे मिटले.

"मुक्तादेवी प्रसन्नऽऽ! हां, आता घाटात जुंपलाय गाडा... वरची मंडळी, घाट मोकळा करा... घड्याळवाले, बघा वर... गाडा कुणाचाऽऽ? इयत्ता पहिली, तुकडी अ, जिल्हा परिषद शाळाऽऽ... कुमारी प्रांजल बाळशीराम वायाळ यांचाऽऽ! पाव्हणं, कान उघडे ठेवून ऐकाऽऽ! बाळशीराम वायाळाचा वंश घाटात उतरलाय! हाच वंश, दुसरा नाही, दुसरा नकोऽऽ! झालीऽऽ झालीऽऽ... भिर्रर्रर्रर्र!"

काय तो आवाज! छताच्या पंख्यावरची धूळ खाली आली. आणि बाहेर व्हरांड्यात तारखेला आलेली गावोगावची माणसं बसली होती ना, त्यांना कुठलं राहवतंय! पन्नासेक गळ्यांतनं एकदम उत्तर आलं, "भिर्रर्रर्र!" शिट्ट्या काय, टोप्या काय! शिपाई "शांतता, शांतता" करत बाहेर धावला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मला हसावं का रडावं कळेना.

कारण हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तेव्हा आमच्याकडं बायका घाटात जात नसत; मी त्या दिवशी पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या लाटत होते.

बाईंनी चष्मा काढून पुसला. हसू दाबताना त्यांचे ओठ हलत होते. "आणि हे वंशाचं काय?"

"ते माझं नाही, बाईसाहेब," कोंडीभाऊ म्हणाला. "ते बाळशीरामनं सांगितलं होतं. म्हणला, अस्संच म्हण, एक शब्द गाळू नको."

"वडील कोण? तुम्ही? असं का म्हणायला सांगितलंत?"

हे उठले. कोटाचं बटण तटकन तुटून खाली पडलं, ते त्यांनी उचललंही नाही.

"बाईसाहेब, त्या यात्रेच्या आदल्या दिवशी पाहुणे आले होते. आमच्या नात्यातलेच. मंडळीला ह्या पोरीनंतर मूल होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तर पाहुणे म्हणाले, बाळशीराम, तुझ्यामागं काय राहणार, दुसरी करून टाक, आम्ही मुलगी बघून ठेवलीय. आबाही तेव्हा गप्प बसले. मी तिथं काय बोललो नाही. मोठी माणसं, घरात यात्रा, आत ही पुरण वाटतेय, हिच्या कानावर नको जायला." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हटलं, उत्तर एकदाच द्यावं. आणि पाच-दहा हजार माणसांपुढं द्यावं. म्हणून गाडा पोरीच्या नावानं सोडला."

आबांनी मान खाली घातली.

दुसरी करण्याचं बोलणं चाललं होतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी कळू दिलं नव्हतं. पाहुणे त्या साली न जेवता निघून गेले, पोळ्यांचा ढीग उरला, म्हणून मी ह्यांना काय काय बोलले होते! आणि ह्या माणसानं ते सगळं मुकाट ऐकून घेतलं होतं. वर मी बैलांना शिव्या देत होते.

"म्हणजे गाडा तुमचा होता?" सरकारी वकिलांनी संधी साधली.

"माझाच. नाव घाला माझं. आत्ता घाला!" ह्यांनी छाती पुढं काढली. मी ह्यांचा कोट खाली ओढत होते.

"बसा," बाई म्हणाल्या. "ती केस सरकारनं केव्हाच मागं घेतलीय. तुम्हाला आता कुणी घेणार नाही."

हे जरा हिरमुसले होऊन बसले, खरंच सांगते.

बाईंनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिताच मोठ्यानं सांगत गेल्या. पुकारलेलं नाव ह्याच मुलीचं, हे दिसतं. त्या दिवशी ती सहा वर्षांची होती. तिच्यावर हा गुन्हा होऊच शकत नव्हता. वॉरंट रद्द. आरोपी म्हणून तिचं नाव कमी करण्यात येतं. मग मान वर करून म्हणाल्या, "वायाळ, रुजू व्हा. आणि नावं लिहून घ्यायची वेळ आली, तर भेळ खाता खाता लिहू नका."

"येस मॅडम!" प्रांजलनं असा सॅल्यूट ठोकला की बाजूची खुर्ची हलली. मग ती एकदम वळली, बापाच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली. मीही रडले. कोंडीभाऊही रडला आणि आबांच्या काठीनं डोळे पुसायला गेला.

पण रडायला तरी सवड कुठं होती! आदेशाची नक्कल हातात पडेपर्यंत जेवणवेळ टळून गेली. लांडे वकिलांनी प्रांजलला आपल्या गाडीत घातलं. "पोरी, पट्टा लाव. आज लाल दिवा नाही, पण मी चालवतो तशीच." गाडी धुरळा उडवत मुख्यालयाकडं निघाली आणि आम्ही चौघं जीपमधनं घाटाकडं. कोंडीभाऊचा फोन सारखा वाजत होता. अध्यक्ष ओरडत होता, "अरे बैल वैतागलेत, पाव्हणं वैतागलेत, मीही वैतागलोय, कुठवर आलास?"

घाटात पाऊल टाकलं तर जत्रा कसली, समुद्रच! आता बायकाही येऊ लागल्या होत्या; लाल-हिरव्या साड्यांनी एक अंग भरलं होतं. कोंडीभाऊ मचाणावर चढला आणि त्यानं माईकवर फुंकर मारली मात्र, सगळ्या डोंगरानं आरोळी दिली. गाडे सुटायला लागले. भंडारा उधळला, बैलांच्या पायांची धडधड जमिनीतनं माझ्या तळव्यांना लागत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा घाट बघत होते. इतकी मजा असते हे ह्या मेल्यांनी कधी सांगितलंच नाही!

आमचा गाडा जुंपायला घेतला तेव्हा ह्यांनी मला हाक मारली. बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे होते.

"वैजू, पोर आता सरकारी नोकर. तिच्या नावानं गाडा पळवणं बरं दिसायचं नाही."

"मग तुमच्या नावानं सोडा की. एकदा होऊन जाऊ द्या."

"माझं नाव कोर्ट घेईना, तर कोंडीभाऊ कुठला घेतोय!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रांजल. गर्दीत काही ऐकू येईना. मी एक कान दाबला.

"आई! घेतला कागद! ऑफिस बंद करत होते, मी दारातच पाय घातला. साहेबांनी आदेश दोनदा वाचला आणि विचारलं, हे भिर्रर्र म्हणजे नक्की काय? आई, मी त्यांना करून दाखवलं! आई, सोमवारी रुजू!"

"झालं!" मी ओरडले. "अहो, झालं!"

"झाऽऽली!" मचाणावरनं त्याच वेळी आधीच्या गाड्याची आरोळी आली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे माझ्याकडं बघून मिशीत हसत होते.

"गाडा कुणाचाऽऽ? कान उघडे ठेवून ऐका, पाव्हणंऽऽ! सौभाग्यवती वैजयंता बाळशीराम वायाळ यांचाऽऽ!"

माझं नाव! शाळेच्या हजेरीनंतर माझं नाव असं सगळ्यांपुढं कुणी घेतलं नव्हतं. चार बैल खालून उधळले, घोडी पुढं, आणि दोन्ही अंगांनी हजारो माणसं माझ्या गाड्याला हात वर करत होती. शेजारी आबा काठी नाचवत होते आणि त्या काठीचा मार कुणाकुणाला बसत होता. मी पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जीव खाऊन ओरडले, "भिर्रर्रर्र!"

गाडा कितवा आला ते मला आजही सांगता यायचं नाही. ह्यांना विचाराल तर सेकंदासकट सांगतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडनं माझ्या आईचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"वैजू, अगं काल कर्ण्यावर तुझं नाव ऐकू आलं. माझा रात्रभर डोळा लागला नाही. पोलीसबिलीस तर आले नाहीत ना गं घरी?"

मी मागं वळून पाहिलं. प्रांजल चुलीपुढं मांडी घालून, कालच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरून बसली होती.

"आलेत की," मी म्हटलं. "जेवायलाच बसलेत."